मुळशीचं पाणी उलटं का वाहतं?

मंडळी, पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना मुळशीच्या तलावाकाठी गाडी थांबवून कांदाभजी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं आहेत, हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी घाटावरच्या पावसाची वीज द्यायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते 1904 साली गेले. पुढे कंपनीने लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधली आणि 1915 ला खोपोलीची वीज मुंबईत पोचली. मग भिवपुरी झालं आणि त्यानंतर मुळशी.

युक्ती साधी आहे. मुळा नदी मूळची पूर्वेला जाते. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा. धरणाने ती अडवायची, डोंगरातून बोगदा काढायचा आणि पाणी पश्चिमेला सुमारे 500 मीटर खाली, कोकणातल्या भिरा इथे टर्बाइनवर सोडायचं. तिथून ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडचं राफ्टिंग चालतं तेही याच पाण्यावर!

पण जमीन कुणाची? सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. मावळे चिडले. 16 एप्रिल 1921, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना फेरविचार करायला सांगितलं. काम काही महिने थांबलंही.

आणि मग लढा आतून फुटला. आपल्याकडे हे फारसं बोललं जात नाही. बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदला हवा होता, आणि तो त्यांनी घेतला. कसणाऱ्या कुळाच्या हातात ना कागद ना पैसा. टाटांना आणि इंग्रजांना दोष देऊन आपण मोकळे होतो, पण माझ्या मते मुळशी हरली ती इथे, पुण्यातल्या वाड्यांत.

पां. म. बापट मात्र मागे हटले नाहीत. आधी तुरुंगवास भोगून झाला होता. 1924 च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेच अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली. सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला अडकलात की एवढं आठवा. 1927 ला भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता आजचं. सोलापूरकडे दुष्काळ पडला, उजनी खाली गेलं की मागणी होते, टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला सोडा. मूळ वाट तीच होती, त्यामुळे मागणीत तथ्य आहेच. पण जवळपास शंभर वर्षांत कुंडलिकेच्या काठची शेती, रोह्याचे कारखाने, पाणीयोजना याच पाण्यावर उभ्या राहिल्या. वाट परत फिरवायची तर त्यांना विचारावं लागेल. 1921 साली मावळ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुळशी खोऱ्यातलं कुणी वाचत असेल तर घरात आजी-आजोबांकडून जे ऐकलंय ते खाली जरूर लिहा. विशेषतः कुळांच्या घरातल्यांनी. सावकारांची नोंद दप्तरात सापडते, तुमची सापडत नाही.