नाकाला कळले, पडद्याला नाही

सोलापूरजवळच्या पाकणीला हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर तेलवाहिनी येऊन पोचते. इंडियन ऑइलने गुजरातेतल्या कोयलीहून अहमदनगरमार्गे सोलापूरपर्यंत ७४७ किलोमीटरची आणखी एक आखली. यापुढे येणाऱ्या प्रत्येक तेलवाहिनीला माझा विरोध आहे. का, ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मार्शल गावच्या सतरा तासांवरून कळेल. वेळा तिथल्या घड्याळाच्या आहेत, नोंदी सरकारी चौकशीतल्या.

२५ जुलै २०१०, संध्याकाळी ५.५८
एनब्रिज कंपनीची १९६९ साली टाकलेली तीस इंची वाहिनी ठरल्याप्रमाणे बंद होत असताना फाटते. चीर साडेसहा फुटांहून लांब. याच जागेवरचा दोष २००५च्या तपासणीत दिसलेला होता. नियंत्रण कक्ष दोन हजार किलोमीटरांहून लांब, कॅनडात एडमंटनला. तिथे दाब कमी झाल्याचा इशारा वाजतो. वाहिनी बंदच करायची असल्याने त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास
उग्र वास येतोय, असा फोन गावातून जातो. अग्निशमन दलाची माणसे वायुमापक घेऊन फिरतात, काही सापडत नाही, परततात. नंतर फोन करणाऱ्यांना सांगितले जाते की पाहणी झाली आहे. तेल तोवर टॅलमॅज ओढ्याला लागलेले आहे.

२६ जुलै, पहाटे ४.०४
एडमंटनहून पंप पुन्हा सुरू. दाब चढत नाही. वाहिनीत पोकळी धरली असेल, असा अर्थ लावला जातो. तासाभराने पंप थांबतात.

सकाळी ७.२०
पुन्हा सुरू. अर्धा तास. सांडलेल्या तेलापैकी ८१ टक्के या दोन वेळांतच कंपनीने स्वतः ढकलले. वाहिनी फुटल्यावर, इशारे वाजत असताना.

सकाळी सव्वाअकरा
गॅस पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचा कर्मचारी ओढ्यातले तेल पाहतो आणि एडमंटनला फोन करतो. तेव्हा कुठे झडपा बंद होतात. एकूण गळती सुमारे ३२ लाख लिटर, म्हणजे पाकणीहून सुटणारे वीस-वीस हजार लिटरचे दीडशेहून जास्त टँकर. ओढा मिळतो त्या कॅलमझू नदीला पावसाचा पूर होता, त्यामुळे तेल काठच्या रानातही पसरले. जड तेल तळाशी बसले. गाळ उपसण्याचे काम २०१४पर्यंत चालले. तीनशेवर लोकांनी त्रासाच्या तक्रारी केल्या.

आपल्याकडे येते ते पेट्रोल-डिझेल. ते तळाशी बसणार नाही, हे खरे. पण पेट्रोलची वाफ पेट घेते, आणि डिझेल उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून खाली उतरून विहिरीत, बोअरला लागले तर ते पाणी प्यायचे कुणी? टँकरपेक्षा वाहिनी सुरक्षित, असे सांगितले जाते आणि लिटरमागचा हिशेब केला तर ते बरोबरही आहे. मात्र वाहिनी पुरायची म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षे तेवढे तेल जाळायचे ठरवायचे. त्या धुराने तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि ते एकदम ओतते. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीने माढा-मोहोळची गावे बुडवली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग अडवला. पुण्याकडून पाकणीला येणाऱ्या वाहिनीला सीना ओलांडावीच लागते. असा पूर तळ खरवडतो, पुरलेली नळी उघडी पाडतो.

सोलापूर, एकवीस दिवस
१९६२च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याखाली अधिसूचना निघाली की हरकतीला एवढीच मुदत. जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते, वापराचा हक्क जातो. त्या पट्ट्यात पुढे घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. आणि या बंधनाचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. हरकत घ्यायची ती ज्याचा त्या जमिनीशी संबंध आहे त्याने. नदीच्या खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या गावाला त्यात जागा नाही. मार्शलमध्ये वास आधी आला तो अशाच लोकांना.

जनसुनावणी तरी व्हावी? ती पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत होते, आणि केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तेलवाहिनीला ही मंजुरी लागते ती अभयारण्य किंवा तशाच संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तरच. नान्नजचे माळढोक अभयारण्य एके काळी कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होते; फेरआखणीत १,२२२ उरले. वगळलेल्या रानात माळरान तेच, चिंकारा-काळवीट तेच. तिथून वाहिनी नेताना मात्र ही मंजुरी नको.

म्हणून हरकतीचा अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा, पोच घ्यावी. नदी ओलांडताना नळी किती खोल पुरणार आणि ती खोली कोणत्या वर्षीच्या पुरावर धरली, हे लेखी मागावे. दोन झडपांमधले अंतर मागावे. तपासणी अहवाल दरवर्षी ग्रामपंचायतीत लावणार का, तेही विचारावे. आणि खालच्या अंगाच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेचा ठराव करून त्या अर्जाला जोडावा, कायदा मागत नसला तरी.