लग्नाची अट

विवाह होताच नोकरीचा राजीनामा द्यावा, ही अट एके काळी अनेक देशांत स्त्रियांच्या नेमणुकीबरोबरच येत असे. इंग्लंडमध्ये शिक्षिकांवरील हा निर्बंध १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठला. तेथील नागरी सेवेतील १९४६ साली, आणि परराष्ट्र सेवेतील तर १९७३ साली. घर आणि काम ही दोन ओझी स्त्रीला एकत्र पेलणार नाहीत, हे या अटीमागील गृहीत होय. विवाहित पुरुषास हा प्रश्न कोणी विचारीत नसे. कारण त्याचे घर दुसरे कोणीतरी सांभाळीतच असे.

हा प्रश्न आपल्याकडेही न्यायासनापुढे आला. मुंबईतील एका औषध कंपनीच्या एका विभागात, स्त्री कामगाराने विवाह केला की तिची नोकरी संपावी, असा नियम होता. तेथील काम गटाने चालते, म्हणून हजेरी नियमित हवी, आणि विवाहितांचे खाडे अधिक होतात, असे मालकांचे म्हणणे. कामगार संघटनेने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९६५ साली न्यायालयाने तो नियम अमान्य केला. अविवाहित वा विधवा स्त्रीपेक्षा विवाहिता अधिक गैरहजर राहील, असे मानण्यास आधार नाही. भेद काय तो बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी काही राखीव माणसे ठेवता येतात, असा त्या निर्णयाचा आशय होता.

ती रजाही सहजासहजी पदरात पडलेली नव्हती. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली या विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेस प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात त्याचा कायदा झाला; देशव्यापी कायदा १९६१ चा.

तथापि सरकारच्या स्वतःच्या घरातील नियम मागेच राहिला. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने विवाहापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात बाधा येईल असे शासनास वाटल्यास तिने राजीनामा द्यावा, असे १९६१ च्या नियमावलीत होते. त्या सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला चोनिरा बेलियप्पा मुथम्मा यांनी बढतीत झालेल्या भेदभावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा हा नियमही न्यायालयासमोर आला. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारले ते एवढेच की, संसाराची अडचण पुरुषालाही येऊ शकते, मग नियम एकट्या स्त्रीलाच का? तो नियम पुढे राहिला नाही.

या साऱ्या वादांत स्त्रियांनी सवलत मागितली नव्हती. पोटाचे काम आणि आपले माणूस यांपैकी एकच निवडण्याची सक्ती नसावी, एवढेच त्यांचे मागणे होते. मनुष्यास कामात समाधान लाभावयाचे, तर त्याच्या घराचाही विचार कामाच्या मांडणीत व्हावा लागतो. राखीव माणसे ठेवण्याची साधी सूचना हेच सांगते.