तळटीप १४ : ‘फेदर’

१४. फेदर : छायाचित्रातून कापून घेतलेली आकृती दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवताना तिची कड मऊ करण्याची ही फोटोशॉपमधील (पहिली आवृत्ती १९९०) सोय होय. संगणकावरील चित्र चौकोनी पिक्सेलांचे बनलेले असल्यामुळे तिरकी वा गोलाकार कड मुळातच पायऱ्यापायऱ्यांची दिसते. ‘अँटी-एलियसिंग’ या प्रक्रियेत कडेवरच्या पिक्सेलाचा जेवढा भाग आकृतीने व्यापला असेल त्या प्रमाणात त्याला मधली छटा देऊन ती पायरी लपवतात, परंतु हा बदल साधारण एका पिक्सेलाच्या रुंदीतच आटोपतो. फेदरमध्ये निवडीची सीमाच धूसर होते, म्हणजे आठ-बिट चित्रात पूर्ण निवडलेल्या पिक्सेलाचे मूल्य २५५ व न निवडलेल्याचे ० धरल्यास, या दोहोंमधील उतार दिलेल्या त्रिज्येनुसार कडेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पसरतो. परिच्छेदात उल्लेखिलेली ‘दोन पिक्सेलांची फेदर’ गालाच्या रेषेला शोभते; भुरभुरत्या केसांना तीच सरसकट दिली, तर जुन्या पार्श्वभूमीचा रंग केसांभोवती किनारीसारखा उरतो, आणि लग्नाच्या अल्बमांतील जोडचित्रे बहुधा याच किनारीवरून ओळखू येतात.