तळटीप १२ : ‘२० मिलिक्युरी’

१२. म्हणजे ७४० मेगाबेकरेल. सेकंदाला ७४ कोटी विघटने. लेखकाने वेळ दिलेली नाही, त्यामुळे आकडा अर्धवटच राहतो. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सुमारे ६ तास. सकाळी ८ ला मोजलेले २० मिलिक्युरी दुपारी २ ला १० उरतात. मोजणारा डोस कॅलिब्रेटर म्हणजे मधोमध विहिरीसारखी पोकळी असलेला, वायूने भरलेला कक्ष. सीझियम-१३७ ठेवून त्याची रोज तपासणी करतात, पण तेवढ्याने भागत नाही. तेच द्रावण काचेच्या कुपीतून प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये घेतले की आकडा बदलू शकतो. आयोडीन-१२५चे दुबळे किरण तर काचच बरेचसे गिळते. भारतात या मापनाची राष्ट्रीय प्रमाणे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहेत. — संपा.