पुराची रेघ आणि घराचं गिऱ्हाईक



आज आम्ही घर विकण्याबद्दल बोलणार आहोत. म्हणजे गिऱ्हाईक दारात यायच्या आधी घर आतून कसं तयार करायचं, आणि आपल्या कोल्हापूरकडं हे काम कधीपासून, कुणाच्या हातानं होत आलंय, त्याबद्दल. बचत गटात हा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. रंग कुठला द्यायचा? आणि भिंतीवरची पुराची रेघ पुसायची की ठेवायची? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी जरा मागं जावं लागतं.

जुन्या काळी गावात घर ‘दाखवायची’ वेळ फारशी येत नसे. शेताची जमीन ती काळी, आणि वस्तीची जागा ती पांढरी. त्याच पांढरीच्या मातीनं भिंती उभ्या राहायच्या. पुढं सोपा, आत माजघर, मागं परडं. असं घर विकायला निघालंच तर घेणारा बहुतेक भावकीतला नाहीतर शेजारचा. कुठल्या तुळईला वाळवी लागली, पावसाळ्यात कुठं गळतं, हे त्याला घरधन्याइतकंच ठाऊक. त्याला काय दाखवणार? खरेदीखतातही चतुःसीमा लिहिलेल्या असायच्या. पूर्वेला कुणाचं घर, पश्चिमेला कुठली वाट, एवढं. आत चूल कशी आहे, भिंत किती गुळगुळीत आहे, याचा कागदावर एक शब्द नाही.

पण ती भिंत गुळगुळीत ठेवणं चालूच होतं. शेणानं सारवायचं, चूल पोतारायची, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, दिवळीतली काजळी खरवडायची. नवरात्राच्या आधी तर घरातली सगळी अंथरुणं बाहेर. वाकळा डोक्यावर घेऊन पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यावर धुवायला गेलेल्या बायका आजही दिसतात. घर उजळ करायची ही विद्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिची किंमत खरेदीखतात कधी धरली गेली नाही, एवढंच.

मग अनोळखी गिऱ्हाईक आलं. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळाचा बाजार वाढला. १९१७ ला शिरोळ तालुक्यात जयसिंगपूर आखून वसलं. बाहेरगावचे व्यापारी, नोकरदार जागा शोधू लागले. या माणसाला तुमची भावकी माहीत नाही, तुळई माहीत नाही. तो डोळ्यानं बघणार, नाकानं वास घेणार आणि भिंतीवर हात फिरवणार. घराचं आतलं रूप भावाशी जोडलं गेलं ते इथून, असं आम्हाला वाटतं.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, ती प्लेगची. १८९६ ला मुंबईत साथ आली आणि पुढच्या काही वर्षांत कोल्हापूर संस्थानातही पोचली. लोक गावं सोडून रानात झोपड्या घालून राहिले. साथीच्या घरांत धुणं, धुरी, चुना मारणं चालायचं. ऊन आत यावं म्हणून ठिकठिकाणी छपरावरची कौलंसुद्धा उतरवली गेली. अंधारं माजघर म्हणजे सुरक्षित माजघर, ही समजूत तिथं हलली. हवा, उजेड आणि पांढरा चुना हे निरोगी घराचं लक्षण ठरलं. आजही गिऱ्हाईक दारातून आत आलं की पहिला शब्द काय काढतं? “उजेड बरा आहे.” नाहीतर, “जरा अंधार वाटतोय.” ती सवय जुनी आहे.

म्हणून रंगाच्या प्रश्नाला आमचं उत्तर: आधी अडगळ काढा, खिडकीपुढचं कपाट सरकवा, कौलात एखादी काच बसवून घ्या, आणि मग फिकट रंग. परड्यातला संडास आणि न्हाणी सोप्याच्या आधी धुवा. घर बघायला आलेली बाई तिथंच आधी जाते. सन २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हापासून खेड्यातसुद्धा हा पहिला प्रश्न झालाय, आणि बरं झालंय.

आता पुराची रेघ. १९८९, २००५, २०१९, २०२१. नदीकाठच्या गावात ही सालं लग्नाच्या तारखेसारखी पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेलं. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला भूखंड दिले गेले, तरी जुनं गाव सुटलं नाही. शेती खाली, जनावरं खाली. संसार दोन्हीकडं. अशा गावात घर विकायला निघालं की पहिला सल्ला मिळतो तो हाच: “खालचे चार फूट ऑइल पेंट मारून टाका, दिसायचं नाही.”

न दिसायला काय, दोन महिने नाही दिसणार. पण मातीची किंवा चुन्यात बांधलेली भिंत पाणी पिते आणि ते सावकाश सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट चढवला की आतली ओल आतच कोंडते. मग फुगवटा येतो, पोपडे सुटतात, पांढरे क्षार वर येतात. चुन्यातून ओल बाहेर पडायला वाट मिळते. आपल्या आज्ज्या दर वर्षी चुना देत होत्या त्यात हा हिशेब होता. पूर ओसरल्यावर गाळ काढायचा, सुटलेला गिलावा खरवडायचा, दारं-खिडक्या उघडी टाकून भिंत पुरती वाळू द्यायची, मग चुना. घाई करून मारलेला रंग जाणत्या गिऱ्हाईकाला लगेच कळतो. खालचे चार फूट नवे आणि वर जुनाच रंग, यावरूनच तो ओळखतो.

आणि कायदाही आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, त्याचं कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष, जो घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. रंगाखाली झाकलेली ओल त्यात धरली जाऊ शकते. त्यापेक्षा आमचं म्हणणं असं, की रेघ दिसू द्या आणि सांगा: २०१९ ला इथवर पाणी होतं, नंतर पाया बघून घेतला, एवढी दुरुस्ती केली. दुरुस्तीच्या पावत्या असतील तर काढून ठेवा. भाव थोडा उतरेल. पण वर्षानं गिऱ्हाईक भांडायला दारात येणार नाही. ते घर घेणारीही कुणाची तरी लेक-सून असते, आणि पूर आल्यावर धान्याची पोती माळ्यावर तीच चढवणार असते.

राहिली एक गोष्ट. ज्या हातांनी हे सगळं सारवलं, त्यांची सही खरेदीखतावर असते का? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वारसा दिला. पण त्याच कायद्याचं कलम २३ असं होतं, की कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलगी स्वतः मागू शकत नव्हती. आधी पुरुष वारसांनी वेगळं व्हायचं ठरवायचं, मग तिनं मागायचं. जवळजवळ पन्नास वर्षं हे चाललं. २००५ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. त्याआधी २००३ ला महाराष्ट्र शासनानं गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं ग्रामपंचायतीत लावायचा निर्णय काढला, ‘घर दोघांचं’ म्हणून तो आपण ओळखतो. कितीतरी घरांत हे नाव अजून लागलेलं नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकी ठरवायला तो एकटा पुरत नाही, हेही लक्षात असू द्या. पण त्यावर नाव असलेल्या बाईला डावलून व्यवहार उरकणं अवघड जातं.

उतारा ग्रामपंचायतीत मिळतो. चुन्याची पिशवी आणायला जाल, त्याच फेरीत मागून घ्या.