नंबर तोच, कंपनी नवी : दर पाहावा की रेंज?

मोबाईलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ रोजी उपलब्ध झाली. त्यासाठीचे शुल्क आज सात रुपयांच्याही आत आहे. त्यामुळे दरवाढ झाली, की कंपनी बदलण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. मात्र एकदा बदल केला, की किमान ९० दिवस नव्या कंपनीकडेच राहावे लागते. या तीन महिन्यांत घरात रेंजच मिळाली नाही, तर वाचलेल्या शंभर-दोनशे रुपयांचे समाधान फार काळ टिकत नाही. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी आणि गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचा फोन, सारे काही याच एका क्रमांकावर अवलंबून असते. म्हणूनच दर आणि रेंज यांचा हिशेब आधी नीट मांडायला हवा.

सोय आली कशी?

भारतात पहिला मोबाईल संवाद झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. पुढची काही वर्षे येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाईल घरोघरी पोहोचला. पण कंपनी बदलायची तर क्रमांक सोडावा लागे. व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्यासाठी ते दुकानाचा पत्ता बदलण्यासारखेच होते. साहजिकच सेवा कितीही खराब असली तरी ग्राहक मुकाट्याने त्याच कंपनीकडे राहत.

सिंगापूरने १९९७ मध्येच क्रमांक कायम ठेवण्याची सोय दिली होती. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००९ मध्ये त्यासंबंधीचे नियम केले. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरुवात झाली आणि दोन महिन्यांत ही सेवा देशभर पोहोचली. तेव्हा ती एकाच सर्कलपुरती मर्यादित होती. मुंबई हे स्वतंत्र सर्कल असून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल आहे. त्यामुळे मुंबईचा क्रमांक घेऊन पुण्याला स्थायिक झालेल्या ग्राहकाला तिचा लाभ मिळत नसे. ३ जुलै २०१५ पासून ही अटही गेली.

या सोयीचे मोल मुंबईकरांना २०१४ मध्ये कळले. पूर्वाश्रमीची 'बीपीएल मोबाईल', म्हणजेच 'लूप मोबाईल', त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस बंद झाली. कंपनी गेली, तरी ज्यांनी वेळेत दुसरीकडे नोंदणी केली त्यांचे वर्षानुवर्षांचे क्रमांक शाबूत राहिले. आज देशभरात अशा विनंत्यांची एकूण संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली आहे.

दरपत्रक वाचताना

दरांची तुलना करताना पहिली चूक होते ती 'महिन्या'च्या अर्थात. बहुतेक प्रीपेड योजनांची मुदत २८ दिवसांची असते. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज करावे लागतात. समजा, एक योजना २८ दिवसांना ३०० रुपयांची आहे. तिचा वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० रुपये होतो. तीस दिवसांची किमान एक योजना प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे, असा नियम ट्रायने २०२२ मध्ये केला आहे. तिची चौकशी जरूर करावी. दोन योजनांची तुलना करायची, तर किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढणे हा सर्वांत सोपा मार्ग.

दुसरी चूक म्हणजे न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे मोजणे. रोज दोन जीबी मिळतात म्हणून योजना घ्यायची आणि घरी-कार्यालयात वाय-फाय असल्याने त्यातले अर्धेही वापरायचे नाहीत, असे अनेकांचे होते. ज्येष्ठांना तर बहुधा बोलण्यापुरताच फोन लागतो. त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएसची योजना ठेवणे डिसेंबर २०२४ मधील नियमदुरुस्तीने कंपन्यांना बंधनकारक झाले. अशा योजनांना आता ३६५ दिवसांपर्यंत मुदत देता येते. कित्येकदा कंपनी बदलण्याची गरजच नसते. आहे त्याच कंपनीची योग्य योजना निवडली, तरी खर्च पुरेसा उतरतो.

रेंज का मिळते, का मिळत नाही?

जाहिरातीत देशातील किती टक्के लोकसंख्येपर्यंत सेवा पोहोचली हे सांगितले जाते. ग्राहकासाठी त्या टक्केवारीचा उपयोग थोडाच. त्याचे घर, त्याचे कार्यालय आणि त्याचा रस्ता एवढ्याच ठिकाणी त्याला रेंज हवी असते.

मोबाईलच्या लहरी वेगवेगळ्या वारंवारितांवर धावतात. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींमधूनही बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो आणि काँक्रीटच्या भिंतीपुढे त्या लवकर थकतात. त्यामुळे एकाच इमारतीत गच्चीवर फाइव्ह-जी सुसाट चालते आणि तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात साधा कॉलही तुटतो. काँक्रीटमधल्या सळया, धातूचा लेप असलेल्या काचा, तळघरातील पार्किंग ही सारी अडथळ्यांची ठिकाणे. सह्याद्रीत डोंगरच आडवे येतात. घाटातल्या एका वळणावर पूर्ण रेंज असते आणि पुढच्याच वळणावर ती शून्यावर येते.

रेंज आणि क्षमता यांतही फरक आहे. फोनवर चारही दांड्या दिसत असताना इंटरनेट रांगत असेल, तर त्या टॉवरवर एकाच वेळी अनेक ग्राहकांचा भार आहे, असे समजावे. सायंकाळी गर्दीच्या रेल्वे स्थानकावर हा अनुभव हमखास येतो. म्हणून चाचणी दुपारी दोन वाजता नव्हे, तर आपल्या वापराच्या वेळी करावी.

तिसरी बाब खुद्द फोनची. जिओचे जाळे केवळ फोर-जी व फाइव्ह-जीचे आहे; त्यावर जुना टू-जी बटणांचा फोन चालत नाही. आईवडिलांचा क्रमांक तिकडे न्यायचा, तर फोनही बदलावा लागतो. त्याचा खर्च आणि नवा फोन शिकण्याचा त्रास हिशेबात धरायला हवा. काही जुन्या स्मार्टफोनना ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी पकडता येत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनवर उत्तम रेंज असूनही आपल्या फोनवर ती मिळेलच, याची खात्री नसते.

स्वस्त दराचा धडा

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. बीएसएनएलने ते वाढवले नाहीत. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो ग्राहक या सरकारी कंपनीकडे वळल्याचे ट्रायच्या आकडेवारीत दिसले. पण त्या वेळी बीएसएनएलचे फोर-जी जाळे उभारणीच्या अवस्थेत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिची ग्राहकसंख्या पुन्हा घटली. स्वदेशी तंत्रज्ञानावरील तिच्या फोर-जी जाळ्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ओडिशातील झारसुगुडा येथे झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. दर पाहून ग्राहक येतो, पण केवळ दरावर तो टिकत नाही, एवढे यातून दिसले. याउलट दुर्गम भागात जिथे बीएसएनएलचाच टॉवर आहे, तिथे तीच कंपनी सर्वांत 'महाग' कंपनीपेक्षाही सरस ठरते. कोणती कंपनी चांगली, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणाला, कुठे, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पूर्ण होत नाही.

आधी चाचणी, मग बदल

प्रथम आपली पाच ठिकाणे कागदावर लिहावीत : घरातील झोपण्याची खोली, कार्यालयातील आपली जागा, रोजच्या प्रवासाचा मार्ग, मुलांची शाळा किंवा आईवडिलांचे घर, आणि गणपतीत किंवा मे महिन्यात जातो ते गाव. त्यानंतर कंपन्यांचे रेंजचे नकाशे पाहावेत. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार टू-जीपासून फाइव्ह-जीपर्यंतची सेवा कुठे आहे, याचे नकाशे कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर देणे आवश्यक आहे. मात्र नकाशा उघड्यावरची स्थिती सांगतो, बंद खोलीतली नव्हे.

खरी परीक्षा दुसऱ्या सिमकार्डाने होते. ज्या कंपनीकडे जायचे, तिचे एक नवे सिम सर्वांत छोट्या रिचार्जसह घ्यावे आणि दोन सिमच्या फोनमध्ये दोन आठवडे वापरून पाहावे. पाचही ठिकाणी कॉल लागतो का, मध्येच तुटतो का, ओटीपी वेळेवर येतो का, हे टिपून ठेवावे. ट्रायचे 'मायस्पीड' ॲप इंटरनेटचा वेग मोजून देते. या चाचणीला एका रिचार्जचा खर्च येतो. पण चुकीच्या निर्णयाची किंमत तीन महिन्यांची असते. चाचणी संपल्यावर ते सिम रीतसर बंद करावे, कारण एका व्यक्तीच्या नावावर किती जोडण्या असाव्यात यालाही मर्यादा आहे.

त्रास केवळ घरातच असेल आणि घरी ब्रॉडबँड असेल, तर आधी 'वाय-फाय कॉलिंग' सुरू करून पाहावे. फोनमध्ये ती सोय असल्यास घरच्या वाय-फायवरून नेहमीच्याच क्रमांकाने बोलता येते आणि कंपनी बदलण्याचे कारणच उरत नाही.

प्रत्यक्ष प्रक्रिया

१९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवायचा असतो. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, मग मोकळी जागा आणि आपला दहा अंकी क्रमांक. ग्राहक पात्र असेल, तर आठ अक्षरांकांचा संकेतांक येतो. तो चार दिवस वैध असतो. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्य भारतात तीस दिवस. हा संकेतांक आणि ओळखीचा पुरावा घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात अर्ज करावा. त्याच सर्कलमध्ये तीन, तर दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामकाजाच्या दिवसांत बदल पूर्ण व्हावा, असा डिसेंबर २०१९ पासूनचा नियम आहे. शुल्क ६ रुपये ४६ पैसे. मन बदलले, तर अर्जानंतर २४ तासांच्या आत इंग्रजीत 'कॅन्सल' व आपला क्रमांक १९०० वर पाठवून विनंती मागे घेता येते. रिचार्ज संपलेला असला, तरी हा एसएमएस पाठवू देणे कंपनीला बंधनकारक आहे.

सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नसतील, पोस्टपेडचे बिल थकलेले असेल, क्रमांकाची मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेल किंवा न्यायालयीन वाद असेल, तर संकेतांक मिळत नाही. सिमकार्ड नुकतेच बदलले असल्यास जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावे लागते. फसवणूक करणारे सिम बदलून घेतात आणि लगेच क्रमांक दुसरीकडे नेतात, त्याला आळा घालण्यासाठी ही तरतूद आहे. आपण न मागता असा संकेतांक फोनवर आला, तर तो कोणालाही सांगू नये. तातडीने कंपनी व बँकेशी संपर्क साधावा.

प्रीपेडची शिल्लक रक्कम आणि उरलेली मुदत नव्या कंपनीकडे जात नाही. म्हणून वर्षभराचा रिचार्ज केल्यावर लगेच कंपनी बदलणे नुकसानीचे. मुदत संपण्याच्या साधारण आठवडाभर आधी प्रक्रिया सुरू करावी. बदलाच्या काळात काही तास सेवा बंद राहते. परीक्षेचा निकाल, रुग्णालयातील दाखला किंवा मोठा बँक व्यवहार असेल, तर तो दिवस टाळावा.

लक्षात ठेवा

* महिन्याचा नव्हे, रोजचा आणि वर्षाचा खर्च काढा.
* पाचपैकी एकाही अत्यावश्यक ठिकाणी रेंज नसेल, तर स्वस्त दराचा मोह टाळा.
* रेंज दोन्हीकडे सारखीच असेल, तरच दर हा निर्णायक मुद्दा माना.
* घरातील सर्वांचे क्रमांक एकाच वेळी बदलू नका. एकाचा अनुभव पाहून मग इतरांचे पाहा; अडचणीत एक तरी फोन लागायला हवा.

क्रमांक ग्राहकाच्या हाती राहिला, हे या नियमाचे मोठे यश आहे. त्याचा उपयोग करताना घाई केली, तर तीन महिने आपलीच माणसे 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असतील, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.