किरणाच्या आधी पोहोचलेलं गणित

मोबाइल घरीच ठेवा. जायचंय 1966 च्या जूनमध्ये, दिल्लीला. खिशात थोडी चिल्लर आणि डोक्याला बांधायला पंचा असला की झालं.

डीटीयूच्या, म्हणजे दिल्ली ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंगच्या बसमधून तुम्ही मेहरौली रस्त्यावर उतरता. टळटळीत दुपार, लू सुटलेली. दातांखाली वाळू कचकचते. जवळच हौज खासला फिरोजशहा तुघलकाची कबर आहे आणि समोर आयआयटीचं आवार. 1961 मध्ये कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था आयआयटी होऊन तीनच वर्षं झालीत. आवाराचं औपचारिक उद्घाटन व्हायला अजून पावणेदोन वर्षं आहेत. सिमेंटच्या पोत्यांना वळसा घालून आत चला.

प्रचंड ताकदीचा लेझर बघायला आला असाल, तर तो इथे नाही. खरं तर जगात कुठेच नाही. मैमनने अमेरिकेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला त्याला जेमतेम सहा वर्षं झालीत. त्यात याच महिन्याच्या 6 तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालंय. 4 रुपये 76 पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झालाय. दहा हजार डॉलरचं परदेशी यंत्र परवापर्यंत 47,600 रुपयांना पडलं असतं, आज पाऊण लाखाला पडेल. खडूचा भाव मात्र डॉलरवर ठरत नाही.

भौतिकशास्त्र विभागात प्राध्यापक महेंद्र सिंह सोढा आहेत. त्यांच्या हाताखाली श्रीनगरमध्ये जन्मलेला एक मुलगा पीएच.डी. करतोय. वय अठरा. आपल्याकडे या वयात पोरं बारावीच्या निकालाची वाट बघत असतात; हा आयआयटी दिल्लीचा पहिला पीएच.डी. ठरणार आहे. नाव प्रेधिमन कृष्ण काव. त्याला हटकू नका. विषय आहे प्लाझ्मा, म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटून मोकळे झालेत. सूर्य याचाच बनलेला आहे.

पुढचं बाहेरून समजायचं नाही. तेव्हा आकसा, आणखी आकसा, आणि त्या गर्दीतला एक इलेक्ट्रॉन व्हा.

प्रकाशाची लाट येते. तिचं विद्युतक्षेत्र तुम्हाला इकडून तिकडे झुलवतं. गर्दी दाट असेल तर तुम्ही सगळे मिळून लाटेला पुढे सरकू देत नाही. आली तशी परतवून लावता. आता प्रकाशाची तीव्रता वाढवा. झोत मधे प्रखर आणि कडेला मंद असतो, त्यामुळे तुम्ही मधून कडेला ढकलले जाता. मधली गर्दी विरळ झाली की तिथला प्लाझ्मा भिंगासारखा वागतो. झोत स्वतःच स्वतःला आवळतो आणि आणखी प्रखर होतो. अजून वाढवा. दर चौरस सेंटिमीटरला एकावर अठरा शून्यं इतके वॅट. दिल्लीतलं भर दुपारचं ऊन याच मापाने एक दशांश वॅट भरतं. आता तुमचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेलाय आणि आइनस्टाइनच्या नियमाने तुम्ही जड झाला आहात. लाटेबरोबर झुलणं जमेना, तिला अडवणंही जमेना. ज्या प्लाझ्मातून प्रकाश जाऊच शकत नव्हता, त्यातून तो आरपार निघून जातो.

पुन्हा माणूस व्हा आणि कॅलेंडर बघा, कारण आपण 1966 ओलांडून आलोय. आरपार जाण्याचं हे गणित काव यांनी जॉन डॉसन यांच्याबरोबर प्रिन्स्टनला केलं. ते 1970 मध्ये छापून आलं. झोत आवळला जाण्याच्या सिद्धांतावर दिल्लीतच काम वाढत गेलं, आणि 1974 मध्ये सोढा, अजय घटक आणि व्ही. के. त्रिपाठी यांचं त्या विषयावरचं पुस्तक निघालं. तोवरही इतक्या तीव्रतेचा प्रकाश कुणाकडे नव्हता. ताकद वाढवायला जावं तर ती लेझरच्या स्वतःच्याच काचा-स्फटिकांना फोडायची.

तोड निघाली 1985 मध्ये, अमेरिकेत रोचेस्टरला. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी प्रकाशाचा स्पंद आधी वेळेत ताणला, मग वर्धित केला आणि शेवटी पुन्हा दाबून आखूड केला. ताणलेला असताना तो सौम्य असतो, म्हणून स्फटिक शाबूत राहतो. या युक्तीला 2018 मध्ये नोबेल मिळालं.

शेवटचा मुक्काम आपल्या मुंबईत, 2002 च्या सुमारास. कुलाब्याला, नेव्ही नगरच्या टोकाशी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत शिरा. गॉगल चढवा. मुख्य किरण अवरक्त आहे. तो दिसत नाही, पण डोळा जाळतो. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा घासून चकचकीत केलेला तुकडा बसवलाय. स्पंद टिकतो 100 फेम्टोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही. तीव्रता, मघाच्याच मापाने, एकावर सोळा शून्यं. एका शॉटमध्ये धातूचा तेवढा ठिपका जळून त्याचा प्लाझ्मा होतो, म्हणून पुढच्या शॉटसाठी तुकडा सरकवून कोरी जागा समोर आणावी लागते.

ठिणगीपाठोपाठ दुसरा, क्षीण स्पंद येतो. प्लाझ्मावरून परतताना त्याच्या ध्रुवणात पडलेला फरक मोजला की आतलं चुंबकीय क्षेत्र कळतं. आकडा निघतो 2 कोटी 70 लाख गॉस, पृथ्वीच्या क्षेत्राच्या पाच कोटी पटींहून जास्त, आणि सगळा खेळ सहा पिकोसेकंदांचा. हे क्षेत्र उभं राहतं आत घुसणाऱ्या तप्त इलेक्ट्रॉनांमुळे. ते किती लवकर ओसरतं यावरून त्यांना किती अडथळा झाला ते समजतं. लेझरने इंधन पेटवून अणुसंमीलन घडवायचं तर या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा इंधनाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते का, हाच कळीचा प्रश्न आहे.

या प्रयोगाच्या शोधनिबंधावर कुलाब्याच्या मंडळींबरोबर सिद्धांताच्या बाजूने तीन नावं आहेत : सुदीप सेनगुप्ता, अमिता दास आणि पी. के. काव. अठरा वर्षांचा तो मुलगा आता चोपन्न वर्षांचा आहे. अमिता दास पुढे आयआयटी दिल्लीत प्राध्यापक झाल्या, म्हणजे हे गणित पुन्हा हौज खासला पोहोचलं.

आता वर्तमानात या आणि संशोधनाच्या अनुदानाचा कुठलाही अर्ज उघडा. उपयोग काय आणि तो किती वर्षांत दिसेल, हा प्रश्न त्यात असतोच. 1966 च्या जूनमध्ये त्याचं खरं उत्तर होतं : छत्तीस वर्षांनी, दुसऱ्या शहरात, अजून न लागलेल्या शोधाच्या जोरावर. असा अर्ज आज कुठली समिती मंजूर करेल?